टाळाचा ठेका

चालण्याची विद्या मनुष्य वर्षा-दीड वर्षाचा असताना शिकतो आणि पुढे तिचा विचारही करीत नाही. वाटेने जाताना आपण गप्पा मारतो, पाढे म्हणतो. पाय आपले काम बिनबोभाट करीत राहतात. हीच विद्या उतारवयात पुन्हा एकेक पाऊल टाकून शिकावी लागते, हे मला माझ्या आजोबांमुळे कळले.

आजोबांना कंपवात आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले. मेंदूतील काही पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्या जे डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात, ते कमी पडू लागते. मग हात कापतात, पावले आखूड पडतात, तोल राखणे कठीण होते. पायांतील बळ सरलेले नसते. पाऊल उचलण्याची आज्ञाच वेळेवर पोहोचत नाही.

पेडण्यातील आमच्या जुन्या घराचा उंबरठा उंच आहे. त्यापाशी येताच आजोबांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. दारातून जाताना, वळताना किंवा गर्दीत असेच घडे. एकदा वळताना ते अंगणात पडले आणि मनगट मोडले. तेव्हापासून देवळातील भजनास जाणे त्यांनी सोडले. मनगट दीड महिन्यात बरे झाले. मनात बसलेली भीती मात्र जाईना. ज्यांचा टाळ ऐकून वाड्यावरची मुले भजनाला जमत, ते आजोबा संध्याकाळी पडवीत मुकाट बसून राहू लागले.

डिचोलीस माझी आत्या राहते. तिने त्यांना व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे नेले. बाईंनी प्रथम आम्हांलाच शिकविले: पाय अडले असता हात धरून ओढू नये, त्याने तोल अधिकच जातो. थांबावे, ताठ उभे राहावे, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यावा आणि मग टाच आधी टेकवीत मोठे पाऊल टाकावे. जागच्या जागी गर्रकन वळू नये. मोठा फेर घ्यावा. चालताना बोलू नये, दोन्ही हातांत ओझे घेऊ नये. औषधाची वेळ चुकवू नये.

आतून आज्ञा येत नसेल, तेव्हा बाहेरची खूण मदतीस येते. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी यांनी २०१५ साली एका व्याख्यानात आपल्या काकांची हकीकत सांगितली होती. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरत. तेव्हा त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र पसरले आणि काका त्यावरून न अडखळता चालले! हे ऐकून बाबांनी आमच्या पडवीत पावला-पावलाच्या अंतरावर आडवे पांढरे पट्टे रंगविले. वाटेतल्या चटया उचलल्या, रात्रीसाठी दिवा लावला.

दृष्टीप्रमाणे कानही साहाय्य करतो. आजोबांचे पाय अडले की मी टाळ वाजवितो. संथ, सारख्या अंतराने पडणारे ते ठोके ऐकून त्यांचे पाऊल उचलते. सारे आयुष्य ज्या ठेक्यावर त्यांनी भजन केले, तोच आता त्यांना उंबरठा ओलांडून देतो.

रोग बरा झालेला नाही; तो पुरता बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. काही दिवस चांगले जातात, काही वाईट. परंतु गेल्या कार्तिकी एकादशीस आजोबा काठी घेऊन, बाबांना शेजारी ठेवून, देवळापर्यंत चालत गेले. वाटेत तीनदा थांबले, पण पडले नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, रस्त्यात एखादे वृद्ध गृहस्थ मध्येच थबकलेले दिसले, तर मागून घाई करू नका. जवळ उभे राहा आणि हलकेच म्हणा, "एक, दोन, एक, दोन." पाऊल त्यांचे तेच टाकतील.