शीलाचा तास

तरुण पिढी बिघडली, हा सूर आमच्या वसईत हल्ली कोठेही कानी पडतो. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, अंत्यविधीहून परतताना वाटेवरसुद्धा. मुले प्रार्थनेला बसत नाहीत, मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, मिसरूड फुटण्याआधी पेल्याला हात लावतात. तक्रार खोटी नाही. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो : शाळेत नीतिशिक्षणाचे तास वाढवा, धर्मशिक्षणाचे वर्ग कडक करा.

अशा तासांना आमचा विरोध नाही. नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचे शिक्षण शाळांतून द्यावे, अशी शिफारस कोठारी आयोगानेही (१९६४-६६) केली होती. परंतु शील ही पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवण्याची वस्तू नव्हे. सत्याची व्याख्या बिनचूक लिहिणारा मुलगा घरी फोन वाजला की, 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग,' हेही ऐकत असतो. या दोन धड्यांपैकी कोणता त्याच्या मनात रुजेल, हे का सांगायला हवे?

पूर्वी आमच्या वाड्यांत शीलाचा वेगळा तास नव्हता. केळीच्या बागेत बापाबरोबर राबताना मुलगा कष्ट शिकत असे. सांजवेळी आजीशेजारी गुडघे टेकून जपमाळ म्हणताना दुसऱ्यासाठी मागायला शिकत असे. त्या काळाचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. दारू तेव्हाही होती, भाऊबंदकीही होती. पण मूल मोठ्यांच्या सोबतीत वाढत होते. आता बाप पहाटेच्या लोकलने निघतो व मुले झोपल्यावर परततो. घर मोठे झाले, सोबत मात्र आटली.

संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांनी हे मर्म ओळखले होते. १८४१ साली धर्मगुरू झाल्यावर तुरिनच्या तुरुंगांत त्यांना कोवळी मुले दिसली. सुटूनही ती पुन्हा तेथेच येत. बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नव्हते. मुलगा घसरल्यावर शिक्षा करण्यापेक्षा तो घसरण्याआधी त्याच्याजवळ असावे, हे त्यांनी आपल्या शिक्षणपद्धतीचे सूत्र केले आणि विवेक, धर्म व वात्सल्य यांवर ती उभारली. शिक्षकाने मैदानावरही मुलांत मिसळावे, असा त्यांचा आग्रह असे.

आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले. हे काम शाळेवर किंवा फादरांवर सोपवून मोकळे होता येत नाही. मुलाच्या प्रथम कम्युनियनच्या मेजवानीत पाहुण्यांचे पेले भरणाऱ्या समाजाने त्याच मुलाला सोळाव्या वर्षी व्यसनमुक्तीचे व्याख्यान द्यावे, यात कसले चारित्र्यशिक्षण?

म्हणून सुरुवात लहानशीच असावी. घरातला एक समारंभ दारूवाचून व्हावा. दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, मोबाइल दूर ठेवून. मुलगा बोलू लागला की उपदेशाची घाई न करता त्याचे ऐकावे. शीलाचा तास भरतो तो तेथेच. आणि त्या तासाला आधी हजर राहायचे असते ते मोठ्यांनी.