पंचनाम्यात नसलेला रकाना

आमच्या जालन्याला समुद्र नाही. पण शहागडची गोदावरी आहे, पूर म्हणजे काय ते आम्ही जाणतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. 5 जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागेत पोहोचले, रायगडला तातडीचे 100 कोटी जाहीर केले. लगेच आले, हे चांगलेच झाले. पुढे फळबागांना हेक्टरी 50 हजार ठरले. पण बंधू-भगिनींनो, हेक्टर कुणाचे? ज्याचा सातबारा, त्याचे! दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलणाऱ्या बाईने काय करावे? नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर तिचा रोज बुडाला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, पंचनामे पाहिलेत : घर, जनावर, पीक, जमीन. बुडालेल्या मजुरीला रकानाच नाही. गोदाकाठी मंत्र्यांचा दौरा आला की आम्ही आधी तोच मागणार आहोत.