सुऱ्यांना धार

माझ्याकडे ‘शिवाजीनगर’ नावाच्या दोन फायली होत्या. एक पुण्याच्या शिवाजीनगरची, कॉलेजच्या दिवसांतली. तीत मेसचा हिशेब आणि लोणावळा लोकलच्या वेळा. दुसरी बेंगळुरूच्या शिवाजीनगरची, जिथे मी आता राहते. तीत रसेल मार्केटमधले भाव, बस स्टँडवरून सुटणाऱ्या बसचे नंबर आणि कमर्शियल स्ट्रीटच्या शिंप्याने दिलेली तारीख, जी कधीच खरी नसते. पहिली जुन्या मॅकबुकवर, दुसरी फोनवर. सगळी टिपणं एका फोल्डरात आणायला घेतली तेव्हा संगणकाने विचारलं, जुनी फाइल काढून नवी ठेवू का? घरचेही हाच घोळ घालतात. आत्या अजून म्हणते, “शिवाजीनगरलाच आहेस ना गं, मग रविवारी जेवायला ये की!”

टिपणं हलवावी लागली ती मी ज्या अ‍ॅपवर वर्षानुवर्षं लिहीत होते त्याने फुकट खात्याला कात्री लावली म्हणून. पैसे भरलेही असते. पण माझंच लिखाण बाहेर काढायला गेले तर ते नको त्या खुणांनी बरबटून येऊ लागलं, तेव्हा मन उडालं. मग मार्कडाउन. जॉन ग्रूबरने २००४ साली एरन स्वॉर्ट्झच्या साथीने काढलेली ही पद्धत. ओळीच्या सुरुवातीला हॅश दिला की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक. बाकी नुसता मजकूर. अ‍ॅप उद्या बंद पडलं तरी फाइल कुठल्याही नोटपॅडात उघडते. मराठीत लिहिणाऱ्याला एक जाच मात्र आहे. एका टिपणातून दुसऱ्याचा दुवा द्यायला चौकटी कंस लागतात, आणि फोनच्या कळफलकावर ते चिन्हांच्या दुसऱ्या पानावर दडलेले. दोनदा उघडा, दोनदा मिटा. एका हातात मटणाची पिशवी असताना करून बघा.

आधी जॉपलिन घेतलं. मुक्तस्रोत; ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा स्वतःचं नेक्स्टक्लाउड, कशावरूनही सिंक होतं. चाललंही उत्तम. पण सिंकच्या फोल्डरात डोकावलं तर प्रत्येक टिपणाचं नाव म्हणजे ३२ रोमन अक्षरं आणि आकडे. खरं शीर्षक फाइलच्या पोटात. मला ‘भाकऱ्या’ हे टिपण फोल्डरातही ‘भाकऱ्या’ म्हणूनच दिसायला हवं होतं. हट्ट म्हणा. म्हणून ऑब्सिडियन. २०२० साली आलेलं हे अ‍ॅप साध्या फोल्डरालाच वही मानतं, टिपणाचं शीर्षक तेच फाइलचं नाव. त्यांची स्वतःची सिंक सेवा विकत मिळते. मी ती न घेता सिंकथिंग लावलं. त्यात मधल्या कुठल्या सर्व्हरवर काही साठवलं जात नाही, फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी परस्पर बोलतात. दोघं एकाच वेळी जागे मात्र हवेत.

तसे ते नसतातच. बाजारात फोनवर लिहिलं, घरी लॅपटॉप मिटलेला, रात्री फोनची बॅटरी गेलेली असताना त्याच टिपणात लॅपटॉपवर भर घातली. सकाळी दोघांची गाठ पडली की सिंकथिंग नंतरची आवृत्ती कायम करतं आणि आधीचीला ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं तारीख-वेळेचं शेपूट लावून शेजारी ठेवतं. निवाडा आपल्यावर सोडतं, हे मला आवडलं. २०२४च्या डिसेंबरात त्याचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप थांबलं, तेव्हा दुसऱ्यांनी चालवलेली त्याची शाखा घेतली. फोल्डर होता तिथेच राहिला.

खरी गंमत ‘सुऱ्यांना धार’ या टिपणाने केली. रसेल मार्केट १९२७चं. त्याच्या बाहेर सायकलवर दगडी चाक बसवलेला एक धारवाला उभा असतो. “क्या होना अम्मा?” असं विचारतो, सुरी अंगठ्यावर हलकेच ओढून बघतो, मग पेडल मारायला लागतो. तो कुठल्या वारी येतो, सुरीचे किती घेतो, कात्रीचे किती, हे सगळं त्या टिपणात. एसपी रोडवरून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर मी लिनक्स घातलं होतं. फोनवरची टिपणं त्यात आलीच होती, मॅकवरची आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या साधनाने त्यावर ओतली. बघते तर ‘सुऱ्यांना धार’ दोन. एकाच फोल्डरात, एकाखाली एक, नावात तसूभर फरक नाही. ‘शिवाजीनगर’च्या वेळी अडवणारा संगणक इथे गप्प.

त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं होती. युनिकोडमध्ये ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण तेच अक्षर साधा र आणि त्याखाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच. जुन्या मॅकच्या डिस्कवरची एचएफएस प्लस ही रचना फाइलच्या नावातली अशी अक्षरं सुटी करूनच ठेवते. लिनक्स जे बाइट येतील ते तसेच ठेवतं. फोनवरून आलेला ऱ तीन बाइटचा, मॅकवरून आलेला सहा बाइटचा. एक टिपण जुन्या भावाचं, एक नव्या. आणि ‘भाकऱ्या’, ‘दुसऱ्या मजल्याचं भाडं’, ‘पुऱ्या’ यांचीही जोडपीच.

फ्रेंच लोकांना हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. समजावून सांगणारे नेहमी त्यांच्या ‘कॅफे’तल्या e वरच्या तिरप्या रेघेचं उदाहरण देतात. ऑफिसातल्या कन्नड मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तुमचं एका अक्षरावर भागतंय. कन्नडात ओकाराची मात्राच अशी तुकड्यांत मोडते, तमिळमध्येही. शिवाजीनगरच्या निम्म्या पाट्यांवर हे संकट लटकलेलं आहे म्हणायचं.

कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन ही नावं पुन्हा सांधून देतं. ते चालवलं, जोडप्यांतला मजकूर हाताने एकत्र केला. आतल्या मजकुराचं दुखणं निराळंच निघालं: माझ्या जुन्या फायलींत ‘ऱ्या’ हा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टाइप झालेला, म्हणून शोधायला गेलं की निम्मं सापडतच नाही. ते अजून थोडं थोडं बदलते आहे. जॉपलिनच्या त्या कुरूप ३२ अक्षरी नावांत यातलं नावाचं दुखणं तरी उद्भवलंच नसतं. तरीही मी परत जाणार नाही.

आता कोणी नवं अ‍ॅप सुचवलं की मी त्यात आधी एक फाइल करते: ‘रसेल मार्केटबाहेर सुऱ्यांना धार लावणाऱ्याला शुक्रवारी गाठायचं की शनिवारी, हे आत्याला विचारायचं का?’ यात ऱ आहे. विंडोजला फाइलच्या नावात न चालणारं प्रश्नचिन्ह आहे. आणि लांबी मुद्दाम बेतलेली: लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा, आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइट खाणार, म्हणजे इंग्रजीत अडीचशे अक्षरांचं नाव चालतं तिथे आपली मजल ८४-८५ चिन्हांपर्यंत. मॅक हे नाव निमूट घेतो. बाकीच्यांकडे ते पोचतं का, आणि पोचत नसेल तर अ‍ॅप तसं सांगतं का, एवढंच बघायचं असतं. परवा एकाने नाव ‘विचारा’वरच तोडलं आणि वर ‘सगळं सिंक झालं’ अशी हिरवी खूणही दाखवली. ते मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं.