मोहल्ल्यात न येणारा सरकारी वकील

सण जवळ आले की आमच्याकडे शांतता समितीची बैठक होते. बकरी ईद असो, मुहर्रम असो की गणेशोत्सव. पोलीस निरीक्षक येतात, मशिदीचे ट्रस्टी येतात, मंडळांचे अध्यक्ष येतात. मिरवणुकीचा मार्ग ठरतो, लाउडस्पीकरची वेळ ठरते, अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं जातं आणि चहा होतो. हे सगळं निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस आणि वस्ती एका सतरंजीवर बसली की काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे.

पण या सतरंजीवर एक माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तो म्हणजे सरकारी वकील.

आपल्या वस्त्यांत सरकारी वकील म्हणजे जामिनाला विरोध करणारा काळा कोट. ही प्रतिमा उगाच तयार झालेली नाही. देशातल्या कच्च्या कैद्यांत मुसलमानांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा वर्षानुवर्षं जास्त आहे. ज्या घरातला मुलगा आत आहे, त्या घराला तो वकील समोरच्या बाजूचाच दिसणार. पण त्याची दुसरी बाजूही आहे. आपलं दुकान फुटतं, आपल्या मुलीची छेड काढली जाते, आपल्या भावावर चाकू चालतो, तेव्हा न्यायालयात आपल्या बाजूने उभा राहणारा वकील हाच असतो. फौजदारी खटला सरकार चालवतं. फिर्यादी हा त्या खटल्यातला फक्त एक साक्षीदार असतो. म्हणजे कधी ना कधी हा माणूस आपलाही वकील होतो, तोही एक पैसा फी न घेता.

तो पोलिसांचा माणूस नसावा, अशी कायद्याची इच्छा आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अभियोग पोलिसांपासून वेगळा करण्याची दिशा दिली. तरी महाराष्ट्रात हे वकील पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली राहिले. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांचं वेगळं केडर करायला सांगितलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जिल्हा पातळीवरही अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. कारण साधं आहे. ज्याने तपास केला, त्यानेच खटला कसा लढवायचा हे ठरवू नये. काहीही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही. सगळं सत्य न्यायालयापुढे ठेवणं हे त्याचं काम आहे. आरोपी आपला असो वा फिर्यादी आपला असो, हे तत्त्व आपल्या फायद्याचंच आहे.

ते मोडलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याला शोधावं लागत नाही. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यात बेस्ट बेकरी जाळली गेली, १४ जणांचे जीव गेले. २००३मध्ये सगळे २१ आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला, तो महाराष्ट्रात चालवायला सांगितला आणि सरकारी वकिलाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. २००६मध्ये मुंबईच्या न्यायालयाने ९ जणांना जन्मठेप दिली. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली, पाच जण सुटले. मुख्य साक्षीदार असलेल्या तरुणीने पुन्हा जबाब फिरवला आणि तिलाच एक वर्षाची कैद झाली. या प्रकरणावर आपल्याकडे भरपूर बोललं गेलं. साक्षीदार का फिरतो, यावर मात्र फार थोडं.

तो का फिरतो, हे मी माझ्या गल्लीत पाहिलं आहे. आमच्या शेजारच्या एका खालांनी रात्री खिडकीतून एक हाणामारी पाहिली आणि पोलिसांना जबाब दिला. अडीच वर्षांनी समन्स आलं. तारखेला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. आरोपीचे नातेवाईक त्याच बाकावर बसले होते. एकजण अदबीने म्हणाला, "खाला, तबियत कैसी है? बच्चे स्कूल जाते ना?" बास, एवढंच. सरकारी वकील त्यांना पहिल्यांदा भेटले ते पुकारा होण्याआधी काही मिनिटं. काखेत फायलींचा गठ्ठा, चेहऱ्यावर थकवा. माणूस वाईट नव्हता, त्यांच्याकडे वेळच नव्हता. आत गेल्यावर खाला म्हणाल्या, अंधार होता, नीट दिसलं नाही. आरोपी सुटला. वस्तीने त्यांना डरपोक ठरवलं. मला ते पटत नाही. त्यांच्या पाठीशी कोण उभं होतं?

खरं तर कोणीतरी उभं राहायला हवं होतं. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. तिच्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असते. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातल्या अभियोगाचे प्रमुख सदस्य सचिव. साक्षीदाराने अर्ज करायचा तो या सदस्य सचिवामार्फत, म्हणजे सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडेच. न्यायालयापर्यंत सोबत, बंद दाराआड साक्ष, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू नये अशी व्यवस्था, हे सगळं त्यात मागता येतं. धोका किती आहे याचा पोलीस अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. खालांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत कोणालाच नव्हतं, मलाही नाही.

जुम्याच्या बयानात आपण ऐकतो की गवाही लपवणं गुनाह आहे. सूरह बकरामधली कर्जाच्या व्यवहाराबद्दलची लांब आयत साक्षीदाराने बोलावल्यावर नकार देऊ नये असं सांगते. पण तीच आयत साक्षीदाराला इजा पोहोचवू नका असंही बजावते. पहिली जबाबदारी साक्षीदाराची आहे, दुसरी बाकी सगळ्यांची. आपण पहिलीच ऐकवत राहतो.

सरकारी वकिलाने वस्तीत येणं ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अमेरिकेत पोर्टलंड शहरात १९९०मध्ये लॉइड नावाच्या भागात सरकारी वकील कार्यालयाने आपला एक वकील वस्तीसाठी नेमला. लोकांच्या तक्रारी मोठ्या गुन्ह्यांपेक्षा रोजच्या त्रासाच्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच खटला न भरता सोडवता आल्या. पण त्या पदाचा सुरुवातीचा पैसा तिथल्या व्यापाऱ्यांनी दिला होता. म्हणून एक प्रश्न तिथेही उरतोच, ऐकलं कोणाचं जाणार? आपल्याकडे असं काही करायचं तर तो खर्च सरकारनेच करायला हवा.

आपली शंका मला माहीत आहे. वस्तीत आणखी एक सरकारी माणूस, म्हणजे आणखी एक खबर काढणारा. म्हणून अट आधीच ठरावी. चालू खटल्यांवर बोलायचं नाही, कोणाचं नाव विचारायचं नाही, फक्त प्रक्रिया सांगायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. खटला मागे घ्यायचा झाला तर नव्या संहितेनुसार पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं. साक्षीदाराचा अर्ज कुठे द्यायचा, तारखेआधी वकिलांना कधी भेटायचं. एवढं उर्दू शाळेच्या हॉलमध्ये दीड तासात सांगून होतं. आपणही त्या दिवशी कोणाच्या जामिनाची शिफारस घेऊन जाऊ नये.

शांतता समितीच्या पुढच्या बैठकीआधी आम्ही काही जण जिल्ह्याच्या अभियोग कार्यालयाला पत्र देणार आहोत. मागणी एकच आहे, वर्षातून दोन वेळा एक सरकारी वकील पाठवा. पत्रावर पहिली सही खालांनी केली आहे.