निजेची जागा

निद्रा श्रीमंत-गरीब पाहत नाही, असे आपण मानत आलो. चेन्नईतील रात्री या समजुतीला छेद देतात. तेथील अल्प उत्पन्नाच्या ४५२ स्त्रीपुरुषांच्या मनगटांवर झोप मोजणारी यंत्रे बांधून अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे ८ तास अंथरुणावर असत. झोप मात्र साडेपाच तासांचीच. बाकीचा वेळ उकाडा, डास आणि रस्त्याचा गोंगाट यांच्या वाट्याला जाई. पंखे, कानांतले बोळे, डोळ्यांवरच्या पट्ट्या दिल्या, तेव्हा झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली; पण कामात वा प्रकृतीत फरक पडला नाही. उलट कामाच्या ठिकाणी, शांत जागी घेतलेल्या अर्ध्या तासाच्या वामकुक्षीने मन स्वस्थ झाले, कामही सुधारले.

मला वाटते, हे श्रेय त्या अर्ध्या तासाइतकेच त्या जागेचेही असावे. निवासी वस्तीत रात्रीच्या आवाजाला ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. पण नियम कागदावर निजतो आणि वस्ती जागी राहते. दिवसा पेंगणाऱ्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची रात्र कोठे गेली, हे विचारावे. ज्याच्या उशाशीच रस्ता आहे, त्याने दार कोणते लावावे?