बाप्तिस्म्यानंतर

आमच्या बाप्तिस्म्याची तारीख मंडळीच्या नोंदवहींत आहे. ती आम्हांला स्वतःला आठवत नाहीं यांत नवल नाहीं, कारण त्या दिवशीं आम्ही अवघे अडीच महिन्यांचे होतों. पाळकांनीं डोक्यावर पाणी घातलें तेव्हां आम्हीं असा कांहीं टाहो फोडला कीं, मागच्या बांकावरील एका म्हातारबाईंनीं, 'पोर मोठेपणीं कीर्तनकार होणार,' असें भाकीत केलें, असें आई सांगे. भाकीत खोटें ठरलें. आम्ही शाळामास्तर झालों.

नगर जिल्ह्यांतील एका लहानशा गांवांत आमचें घर. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं बदललें व तो अहिल्यानगर झाला, पण आमच्या जिभेवर अजून जुनेंच नांव येतें.) तेथें आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. सकाळचा शास्त्रपाठ, जेवणापूर्वींची प्रार्थना, रविवारची उपासना, नाताळांतल्या करंज्या, हें सारें आमच्या घरीं अंगण झाडावें इतक्या सहजतेनें चाले. आजोबांनीं धर्म स्वीकारला, तो कांहींतरी सोसून. वडिलांनीं तो चालविला. आमच्याकडे तो जुन्या लांकडी कपाटासारखा वारशानें आला. असलें कपाट कोणी उघडून पाहत नाहीं, पण तें विकून टाकावें असेंही कोणाच्या मनांत येत नाहीं.

सुमारें चाळिशींत असतांना आमच्या एका सहशिक्षकानें मधल्या सुटींत सहज विचारलें, 'तुमच्यांत नवा जन्म म्हणतात ना, तो तुमचा कधीं झाला?' प्रश्नांत तिरकसपणा मुळींच नव्हता. असता तर बरें झालें असतें, उत्तर देणें सोपें गेलें असतें. आम्हीं शब्बाथशाळेंत पाठ केलेलीं चार वाक्यें त्याला ऐकविलीं. तो गृहस्थ विनयशील. त्यानें मान डोलावली आणि चहा प्यायला. आम्ही मात्र त्या दिवशीं वर्गांत चुकीचा धडा शिकवून आलों.

'नवा जन्म' हा शब्द मूळ योहानाच्या तिसऱ्या अध्यायांतला. निकदेम नांवाचा एक प्रतिष्ठित शास्त्री रात्रीच्या वेळीं, कोणी पाहणार नाहीं अशा बेतानें, येशूकडे येतो, तेव्हांच्या संभाषणांतला. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन, 'पुन्हां' आणि 'वरून'. आणि तो बिचारा म्हातारा पहिलाच अर्थ धरून गोंधळांत पडतो. आमच्या देशांत तर गोंधळास आणखी जागा, कारण पुन्हां जन्मास येणें हें आमच्या लोकांस संकटच वाटत आलें आहे. त्यांतून सुटावें म्हणून तर सारी खटपट! पण निकदेमाविषयीं आम्हांस आवडणारी गोष्ट निराळीच आहे. त्या रात्रीं त्याचें काय झालें हें योहान सांगतच नाहीं. पुढें सातव्या अध्यायांत तो सभेमध्यें भीत भीत एक न्यायाचा शब्द बोलतो. आणि एकोणिसाव्यांत, सारें संपल्यावर, गंधरसाचें भलें मोठें ओझें घेऊन प्रेतापाशीं येतो. तीन भेटी, आणि मधल्या काळाचा हिशेब कोठेंच नाहीं.

हा मधला काळ काय असतो हें आम्हांस प्रथम पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळूं लागलें. १८५८ सालीं जन्मलेली ही असामान्य स्त्री. कलकत्त्याच्या पंडितांनीं विसाव्या वर्षीं जिला 'सरस्वती' म्हटलें, आणि पतिनिधनानंतर कांहीं काळानें इंग्लंडास जाऊन जिनें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. या बाप्तिस्म्यावर महाराष्ट्रांत इतकी शाई खर्च झाली कीं तिच्यानें एक विहीर भरली असती. पण १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत स्वतः रमाबाई जें सांगतात त्याकडे ना त्यांच्या टीकाकारांनीं लक्ष दिलें, ना स्तुतिपाठकांनीं. त्या म्हणतात त्याचा आशय असा, कीं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपल्याला उमगलें. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याच्यामुळें त्या धर्मांत जीव आहे तो ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षें! त्याच आठ वर्षांत त्या अमेरिकेंत हिंडल्या, ग्रंथ लिहिला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडून तें पुढच्याच वर्षीं पुण्यास नेलें. म्हणजे जगाला दिसणारें काम जोरांत चालू होतें, आणि आंत खोली रिकामी होती; आणि रिकामी आहे हें कबूल करण्याचें धैर्य त्यांच्यापाशीं होतें.

त्यांच्या या जागृतीस कारणीभूत झालेल्या पुस्तकांपैकीं एक विल्यम हॅस्लम नामक इंग्रज धर्मगुरूचें आत्मवृत्त होतें. या हॅस्लमची हकीकत मोठी गमतीची. १८५१ सालीं कॉर्नवॉलमधल्या आपल्या देवळांत तो उपदेश करीत उभा असतां, स्वतःच्याच उपदेशानें स्वतःचेंच मन पालटलें. आणि श्रोत्यांतील एक जण उठून ओरडला कीं, अहो, हे धर्मगुरुच पालटले! ही गोष्ट आम्हीं प्रथम वाचली तेव्हां पोट धरून हंसलों. ती आपल्याही वांट्यास येईल अशी तेव्हां कल्पना नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग बरोबर उलटा. 'स्मृतिचित्रें' वाचली नाहींत असा मराठी वाचक विरळा, तेव्हां विस्तार करीत नाहीं. रेव्हरंड टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि ही मानी बाई चार-पांच वर्षें त्यांच्यापासून दूर राहिली. बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुवून घ्यावयाचें, अशा सोंवळ्याच्या घरांत जिचें बालपण गेलें, तिला हा घाव केवढा वाटला असेल! पुढें त्या नवऱ्याकडे आल्या त्याही आपली चूल आणि आपलें पाणी निराळें ठेवून. टिळकांसारख्या वक्त्याचे युक्तिवाद त्या पाण्याच्या भांड्यापाशीं थिजले. मग केव्हांतरी, कोणाच्या उपदेशावांचून, त्यांच्याच मनानें त्यांना विचारलें कीं, हा उच्चनीच भेद देवानें केला कीं माणसानें? उत्तर मिळालें तसें त्या कोणाच्याही हातचें पाणी पिऊं लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. रमाबाईंच्या डोक्यावर पाणी आधीं पडलें आणि मन मागाहून पालटलें. लक्ष्मीबाईंचें मन आधीं पालटलें. दोघींतही खरी घडामोड नोंदवहीच्या तारखेला झाली नाहीं, एवढें आमच्या मनांत पक्कें बसलें.

आतां आमची स्वतःची गोष्ट. ती सांगावी कीं नाहीं याचा पुष्कळ विचार केला.

आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असूं, २००१ सालीं वारले. मागें पांच एकर जमीन, एक विहीर आणि दोन भाऊ. आम्ही धाकटे, नोकरीनिमित्त शहरांत. दादा थोरले, गांवींच. वांटणींत विहीर दादांच्या हिश्श्यास गेली. मात्र आठवड्यांतून दोन दिवस पाण्याची पाळी आमच्या तुकड्यास द्यावयाची असें तोंडीं ठरलें. कागदांत तें आलें नाहीं. २००३ च्या उन्हाळ्यांत पाणी तळाला गेलें आणि दादांनीं आमची पाळी बंद केली. आमच्या बटाईदाराचा कांदा उभा जळाला. आम्हीं दिवाणी दावा लावला. सहा वर्षांनीं तो निकालांत निघाला, आमच्या विरुद्ध. त्यानंतर आम्ही दोघे भाऊ बोललों नाहीं. नाताळांत गांवीं जात असूं तेव्हां एकाच देवळांत, मधली वाट सोडून समोरासमोरच्या बांकांवर बसत असूं, आणि प्रभुभोजनाची एकच भाकर दोघेही खात असूं. यांत कांहीं विसंगत आहे असें आम्हांस वाटलें नाहीं. वाटलेंच तर तें दादांच्या बाबतींत वाटे.

२०१३ सालचा पहिला रविवार. आम्ही सुटीमुळें गांवींच होतों. पाळकांनीं, मास्तर आहेत, उच्चार स्वच्छ आहेत, म्हणून शास्त्रपाठ आमच्याकडे दिला. मत्तयाचा पांचवा अध्याय. शेंकडों वेळां वाचलेला. वेदीपाशीं अर्पण घेऊन आलेल्या माणसाला येशू सांगतो कीं, अर्पण तेथेंच ठेव, आधीं जा आणि भावाशीं समेट कर, ती जागा आली. आजवर या वचनाचा आमच्या मनांतला अर्थ असा, कीं ज्या भावानें आपलें वाईट केलें त्याला क्षमा करावी. आणि अशी क्षमा मागावयास दादा आले तर ती उदारपणें द्यावयाची, एवढी आमची तयारी होतीही. पण मोठ्यानें वाचतांना डोळ्यांपुढें जें अक्षर होतें तें निराळें होतें. भावाविरुद्ध तुझें कांहीं असेल तर, असें तेथें नाहीं. तुझ्याविरुद्ध भावाच्या मनांत कांहीं असेल तर, असें आहे.

आम्ही अडखळलों. दादा तिसऱ्या बांकावर खालीं मान घालून बसले होते. आणि त्यांच्या मनांत आमच्याविरुद्ध काय असेल, हें विचारण्याची गरजच नव्हती. तें आम्हांला बारा वर्षें ठाऊक होतें. आबा अर्धांगानें साडेतीन वर्षें अंथरुणाला खिळून होते. त्या साडेतीन वर्षांत आम्हीं दर महिन्यास मनिऑर्डर पाठविली, नाताळांत फळें घेऊन आलों, आणि वांटणीच्या वेळीं अर्धा हिस्सा मोजून घेतला.

पाठ कसाबसा पुरा केला. कोणी उठून ओरडलें नाहीं. बहुतेकांस, मास्तरांना पडसें झालें असावें, असेंच वाटलें असेल. प्रभुभोजनाचें ताट आलें तें आम्हीं न घेतां पुढें सरकविलें. आमच्या कुटुंबानें तें पाहिलें, विचारलें मात्र नाहीं. त्याच दिवशीं आम्ही दादांकडे गेलों असें लिहितां आलें असतें तर लेखास शोभा आली असती. आम्ही संध्याकाळच्या गाडीनें शहरास परत आलों. पश्चात्ताप या मराठी शब्दांत मागाहून होणारी जळजळ आहे. ज्या ग्रीक शब्दासाठीं तो वापरतात त्याचा अर्थ मन पालटणें असा आहे. आमच्यापाशीं पहिली वस्तु भरपूर होती. दुसरीस तीन महिने लागले.

एप्रिलांत एका भरदुपारीं दादांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिलों. वाटेंत गाडींत भाषण तयार केलें होतें. त्यांत प्रस्तावना होती, तीन मुद्दे होते.

'ये. बैस,' दादा म्हणाले. मग बऱ्याच वेळानें, 'तिकडं कांद्याला काय भाव आहे?'

आम्हीं भाव सांगितला. मग भाषण विसरून एवढेंच बोललों, 'दादा, आबांचं दुखणं सगळं तुमच्यावर पडलं. मी कधीं विचारलंसुद्धां नाहीं.'

ते विहिरीकडे पाहत राहिले. 'मला काय सांगतोस? वहिनीला सांग.'

वहिनी दारांतच उभ्या होत्या. त्यांना सांगणें फार जड गेलें. दादांना सांगण्याहून किती तरी जड. त्या रडल्या नाहींत, रागावल्याही नाहींत. 'रात्रीं दोनदां उठून कूस पालटावी लागे,' त्या म्हणाल्या. 'एकट्या बाईच्यानं आबा हलत नसत. हे रानांत पाण्यावर असले म्हणजे मी शेजारच्या पोराला उठवी.' आणि पाण्याचा तांब्या आमच्यापुढें ठेवून आंत चहा टाकावयास गेल्या. पाणी त्याच विहिरीचें होतें. दहा वर्षें ज्या पाण्याविषयीं वकिलांकडून कागद लिहवून घेतले, त्याची चव आम्ही विसरून गेलों होतों. थोडें मचूळ आहे.

विहिरीचा विषय त्या दिवशीं कोणी काढला नाहीं, आम्हींही नाहीं. दादांनीं आमची क्षमा मागितली नाहीं. निकाल आहे तो आहे, आणि जळालेला कांदा जळालेलाच आहे. आमच्यांत एकदम कांहीं उजेड पडला असेंही नाहीं. बटाईदार तक्रार घेऊन येतो तेव्हां जुना राग कसा तत्परतेनें हजर होतो! जणुं तो कोठें गेलाच नव्हता, बाहेर चप्पल काढून बसला होता. फरक असलाच तर एवढा कीं, आतां त्याच्या पाठोपाठ वहिनींचें तें वाक्य ऐकूं येतें, आणि रागाला पूर्वीसारखें ऐसपैस बसतां येत नाहीं. प्रभुभोजन आम्ही पुन्हां घेऊं लागलों. पण ताट येण्यापूर्वीं मधल्या वाटेपलीकडे एकदां पाहून.

तो सहशिक्षक केव्हांच निवृत्त होऊन पुण्यास मुलाकडे गेला. त्याच्या प्रश्नास तारखेचें उत्तर अजूनही आमच्यापाशीं नाहीं. २०१६ पासून दादा आपण होऊन दर बुधवारीं आमच्या तुकड्यास पाणी सोडतात. ज्या वर्षीं पाऊस दगा देतो त्या वर्षीं उन्हाळ्यांत बुधवार चुकतात, आणि तेव्हां आमच्या मनांत जें येतें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. पाळीचा कागद अद्याप झालेला नाहीं. आम्हीं मागितलेला नाहीं.