हातापायांतल्या मुंग्यांना अनावृत पत्र

हातापायांतल्या मुंग्यांनो,



बरीच वर्षं तुम्ही माझ्या तळपायांत मुक्कामाला आहात, म्हणून हे पत्र लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे. पण ते माझ्यापुरतं नाही. लातूरच्या गंजगोलाईत दिवसभर दुकानात उभा राहणारा माणूस, मुखेड-कंधारकडं सोयाबीन काढणारी बाई, शिकवणीच्या पोरांचे डबे करणारी मावशी, सगळ्यांकडं तुम्ही येता. आणि बहुतेक ठिकाणी तुम्हाला अंगावर काढलं जातं.

घरात तुमच्याबद्दल बोलताना माणसं फार नेमकं बोलतात. कुणी म्हणतं, तळपायाची आग आग होते, रात्री पाय गार फरशीला लावून पडावं लागतं. कुणी म्हणतं, कापसावरून चालल्यासारखं वाटतं. कुणी सांगतं, चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि चार पावलं पुढं गेल्यावर ध्यानात येतं. यातलं एकेक वाक्य डॉक्टरच्या कामाचं आहे. पण दवाखान्याची पायरी चढेपर्यंत या सगळ्याचं एकच वाक्य होतं, ‘डॉक्टरसाहेब, लई अशक्तपणा आलाय.’ मग सलाईन लागतं, ताकदीचं लाल इंजेक्शन मिळतं आणि माणूस घरी परततो.

ते लाल इंजेक्शन बहुधा बी-१२ जीवनसत्त्वाचं असतं. ते वाईट नाही. अनेकांना त्याची गरजही असते. बी-१२ मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यातून. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि पालेभाजीत ते नसतं. त्यामुळे माळकरी घरात, दूधही बेताचंच असेल तर, त्याचा तुटवडा सहज पडतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या अंगी ते कमी लागतं. हा तुटवडा फार काळ राहिला तर नसांना झालेली इजा पुरती भरून येत नाही. अडचण अशी की इंजेक्शन आधी घेतलं आणि रक्त नंतर तपासलं, तर अहवाल चांगला येतो आणि मूळ कारण झाकलं जातं. म्हणून आधी तपासणी, मग इंजेक्शन, एवढा क्रम तरी पाळायला हवा.

साखरेचं दुखणं असलेल्यांकडं तुम्ही पायांच्या बोटांपासून सुरुवात करता, कारण कमरेपासून बोटापर्यंत जाणारी नस शरीरात सर्वांत लांब. कालव्याला पाणी कमी पडलं की टेलच्या शेतकऱ्याला आधी झळ बसते, तसं या नसांचं होतं. बोटांवरून घोट्यावर, घोट्यावरून पोटरीवर तुम्ही सरकता आणि मग हातांच्या बोटांत उतरता. हाताच्या मुंग्यांचं एक निराळं कारणही असतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होते आणि हात झटकला की बरं वाटतं, तेव्हा मनगटातली नस दबलेली असण्याचा संभव मोठा. हातांनी सतत तेच ते काम करणाऱ्यांत ही तक्रार खूप आढळते. तिथं मानेच्या मणक्यातली ‘गॅप’ शोधत बसण्यात वेळ जातो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो, ते सांगतो. तुमची खरी भीती तुम्ही निघून जाता तेव्हा वाटायला हवी. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात पाहा. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसतो, बोटाला फोड येतो आणि तो फोड तिला भांडी घासताना दिसतो. भाजलं तेव्हा काही जाणवलंच नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि डोळे मिटून त्यावर कापूस फिरवला तरी कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कुणी रोजगार बुडवून दवाखान्यात जात नाही आणि तिथंच घात होतो. करंगळी वाकू लागेपर्यंत, पाऊल लुळं पडेपर्यंत महिने गेलेले असतात. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेननं या रोगाचा जंतू शोधला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला. आज ६ ते १२ महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. इतकं सगळं हाताशी असताना नांदेडजवळच्या नेरलीला आजही कुष्ठधाम आहे. औषधानं जंतू मरतो. रोग लपवण्याची सवय माणसांनीच मोडावी लागते.

कधी कधी मात्र तुम्ही घाईनं येता. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, २००हून अधिक संशयित रुग्ण निघाले.  आधी जुलाब, मग पायांत मुंग्या, मग पायांतलं बळ जाणं आणि ते वर वर चढत जाणं, असा तो क्रम. अशा वेळी, किंवा शरीराच्या एकाच बाजूला अचानक बधिरपणा आला तर, सकाळची वाट पाहायची नसते.

आणि मुंग्यांनो, या सगळ्यानंतरही काही जणांकडं तुमचं कारण सापडतच नाही. त्यांतलाच मी एक. साखर ठीक, बी-१२ ठीक, थायरॉइड ठीक, नसांची विजेवरची तपासणीही ठीक. फाईल मिटून मला सांगितलं गेलं, ‘मनाचं आहे, लक्ष देऊ नका.’ तेव्हा तळपाय पेटलेलेच होते. ती तपासणी जाड नसांची असते, हे मला पुढं समजलं. आग, वेदना, ऊन-गार कळवणाऱ्या नसा अगदी बारीक; त्या बिघडल्या तरी त्या यंत्रावर काही दिसत नाही. त्यासाठी त्वचेचा कण काढून पाहावा लागतो आणि ती सोय सगळीकडं नसते. कारण सापडलं नाही म्हणून तुम्ही खोट्या ठरत नाही. कारण ठाऊक नसतानाही आग कमी करणारी औषधं असतात, रोज तळपाय निरखता येतात, अनवाणी चालणं टाळता येतं. एवढ्यावर तुमच्यासोबत संसार होतो. माझा चालला आहे.

तेव्हा हे पत्र वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुंग्या कुठं येतात, केव्हा येतात, चप्पल निसटते का, चटका कळतो का, हे घरी सांगता तसंच कागदावर लिहा. तो कागद घेऊन गावच्या आरोग्य केंद्रात जा. गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या ओपीडीत जा. आणि घरातलं कुणी पाय चोळत बसलेलं दिसलं, तर त्याला ‘काही होत नसतं’ असं म्हणू नका. आधी त्याचं पाऊल हातात घेऊन नीट पाहा.

आपला,
एक लातूरकर